स्वादुपिंड पूर्ण काढायचे, ते कधी?

भारतातून फोन येतो. काकांच्या किंवा मावशीच्या पोटाचा सीटी स्कॅन झालेला असतो आणि ‘डॉक्टर म्हणतायत स्वादुपिंडाचं ऑपरेशन करावं लागेल, कदाचित पूर्णच काढावं लागेल’ असे कुणीतरी सांगते. फोन ठेवल्यावर आपण इंटरनेट उघडतो आणि अर्ध्या तासात आधीपेक्षा जास्त घाबरून बसतो. या लेखात मी त्या एकाच प्रश्नाकडे बघणार आहे: स्वादुपिंड पूर्ण काढणे कधी योग्य असते, कधी नसते, आणि काढले तर पुढे काय. मी शल्यचिकित्सक नाही. स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींवर प्रयोगशाळेत काम करते. त्यामुळे कुणाचा रिपोर्ट बघून सल्ला देणे हे माझे काम नव्हे. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर ते काय बोलत आहेत हे कळावे आणि योग्य ते प्रश्न विचारता यावेत, एवढी तयारी आपण करू शकतो.

सगळ्यात आधी मनात येणारा प्रश्न म्हणजे स्वादुपिंडाशिवाय माणूस जगतो का. जगतो, आणि मूळ आजार आटोक्यात असेल तर अनेक वर्षे जगतो. मात्र इन्शुलिन आणि पाचक एन्झाइम या दोन गोष्टी आयुष्यभर बाहेरून घ्याव्या लागतात. मूत्रपिंडे दोन असतात, यकृताचा तुकडा कापला तर ते पुन्हा वाढते. स्वादुपिंड एकच असते आणि ते परत वाढत नाही. म्हणूनच हा निर्णय घेताना अनुभवी शल्यचिकित्सकही थांबून विचार करतात.

हा अवयव आहे कुठे?

जठराच्या मागे, पाठीच्या कण्यावर आडवे पडलेले, सुमारे १५ सेंटीमीटर लांबीचे आणि शंभर ग्रॅमच्या आसपास वजनाचे असे हे पिंड आहे. त्याचे डोके, मान, धड आणि शेपूट असे भाग मानतात. डोके लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या, म्हणजे ड्युओडेनमच्या, कुशीत बसलेले असते. यकृताकडून येणारी पित्तनलिका या डोक्यातूनच खाली उतरते. शेपूट डाव्या बाजूला प्लीहेपर्यंत पोहोचते, आणि प्लीहेला रक्त नेणाऱ्या-आणणाऱ्या मोठ्या वाहिन्या स्वादुपिंडाला लगटूनच जातात. मानेच्या मागून आतड्यांच्या मुख्य रक्तवाहिन्या जातात.

हा भूगोल सांगण्याचे कारण असे, की स्वादुपिंड एकटे काढता येत नाही. डोके आणि ड्युओडेनम यांना रक्त एकाच वाहिन्यांतून मिळते, त्यामुळे डोक्याबरोबर ड्युओडेनम जाते. पित्तनलिकेचा खालचा भाग आणि पित्ताशय जाते. बहुतेक वेळा प्लीहा जाते, कधी जठराचे शेवटचे टोकही. मग उरलेली पित्तनलिका आणि जठर आतड्याला नव्याने जोडावे लागते. म्हणजे ‘स्वादुपिंड काढले’ हे वाक्य प्रत्यक्ष ऑपरेशनच्या मानाने फारच छोटे आहे.

या पिंडाची कामे दोन. त्याचा जवळजवळ सगळा भाग पाचक रस तयार करण्यात गुंतलेला असतो. दिवसाला साधारण दीड लिटर रस तयार होतो. त्यात स्निग्ध पदार्थ, प्रथिने आणि पिष्टमय पदार्थ पचवणारी एन्झाइम असतात आणि जठरातले आम्ल शमवणारे बायकार्बोनेट असते. दुसरे काम उरलेल्या एक-दोन टक्के भागाचे. १८६९ मध्ये पॉल लॅंगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात स्वादुपिंडात विखुरलेल्या वेगळ्याच पेशींच्या पुंजक्यांचे वर्णन केले. आज आपण त्यांना लॅंगरहान्सची बेटे म्हणतो. माणसात अशी सुमारे दहा लाख बेटे असतात. प्रयोगशाळेत आम्ही डायथायझोन नावाचे रंगद्रव्य टाकतो, तेव्हा ते बीटा पेशींमधल्या जस्ताला चिकटते आणि पिवळट उतींमध्ये फक्त बेटे कुंकवाच्या ठिपक्यांसारखी लाल दिसू लागतात. या बेटांतल्या बीटा पेशी इन्शुलिन करतात हे सगळ्यांना माहीत असते. अल्फा पेशी ग्लुकागॉन करतात हे सहसा कुणी सांगत नाही. इन्शुलिन रक्तातली साखर खाली आणते, तर ग्लुकागॉन ती फार खाली जाऊ लागली की यकृताला साठवलेली साखर सोडायला लावते. स्वादुपिंड पूर्ण गेले की हे दोन्ही जातात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

थोडा इतिहास

१८८९ मध्ये स्ट्रासबुर्गमध्ये ऑस्कर मिन्कोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड पूर्ण काढले आणि त्या कुत्र्याला तीव्र मधुमेह झाला. मधुमेहाचा संबंध या अवयवाशी आहे हे त्यातून ठरले. पण १९२१-२२ मध्ये टोरंटोत इन्शुलिन हाती येईपर्यंत माणसावर असे ऑपरेशन करणे म्हणजे त्याला मृत्यूच्या दारात सोडण्यासारखे होते. १९४२ मध्ये अमेरिकेत दोन ऑपरेशने झाली. ओरेगनमध्ये युजीन रॉकी यांनी कर्करोगासाठी स्वादुपिंड पूर्ण काढले. तो रुग्ण सुमारे दोन आठवड्यांनी दगावला. मेयो क्लिनिकमध्ये जेम्स प्रीस्टली यांच्यासमोरच्या रुग्णाची साखर सतत धोकादायक पातळीपर्यंत खाली जात होती. इन्शुलिन ओतणारी गाठ असणार हे कळत होते, पण ती सापडत नव्हती. शेवटी पूर्ण पिंड काढले, तेव्हा त्यात ती छोटीशी गाठ मिळाली आणि तो रुग्ण जगला.

त्यानंतरच्या काही दशकांत एक विचार जोरात होता: स्वादुपिंडाचा कर्करोग इतका घातक आहे, तर दरवेळी सगळेच पिंड का काढू नये? या विचाराला दोन आधार होते. एक, कर्करोगाच्या पेशी उरलेल्या भागात लपलेल्या असतील ही भीती. दुसरा आधार अधिक व्यवहारी होता. फक्त डोके काढले, म्हणजे ज्याला व्हिपल ऑपरेशन म्हणतात ते केले, तर उरलेले पिंड आतड्याला शिवून जोडावे लागते. हा जोड शस्त्रक्रियेतल्या सर्वांत भरवसा नसलेल्या जोडांपैकी एक आहे. आजही साधारण १० ते २० टक्के रुग्णांमध्ये तो उपचार करावे लागतील इतपत गळतो. आणि गळणारा द्रव साधा नसतो. अन्न पचवणारा रस पोटात सांडला की तो शेजारच्या उती आणि रक्तवाहिन्याही पचवू लागतो. सगळेच पिंड काढले तर जोड नाही आणि गळतीही नाही.

तर्क सरळ होता, पण निकाल तसे आले नाहीत. पूर्ण पिंड काढलेले कर्करोगाचे रुग्ण जास्त जगले नाहीत, कारण हा कर्करोग परततो तो बहुधा यकृतात किंवा पोटाच्या आवरणात. उरलेल्या तुकड्याचा त्यात फारसा दोष नसतो. वर आवरायला अतिशय अवघड असा मधुमेह मागे लागला, आणि त्या काळी घरी साखर मोजायची सोयही धड नव्हती. त्यामुळे हे ऑपरेशन मागे पडले.

ही गोष्ट आजही महत्त्वाची आहे, कारण ‘कर्करोग आहे ना, मग सगळंच काढून टाका’ असे घरचेच डॉक्टरांना सांगतात. मनोहर पर्रीकरांच्या आजारपणात, २०१८-१९ मध्ये, स्वादुपिंडाचा कर्करोग हा शब्द मराठी घराघरांत पोहोचला आणि त्याबरोबर ही भीतीही. नेहमीच्या कर्करोगात नियम असा आहे: गाठ डोक्यात असेल तर व्हिपल, शेपटीकडे असेल तर शेपटीकडचा भाग, आणि सोबत केमोथेरपी. २००४ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांच्यावर झालेले ऑपरेशनही व्हिपलच होते. पूर्ण पिंड काढले अशी सर्वसाधारण समजूत आहे, ती बरोबर नाही. शिवाय त्यांचा आजार नेहमीचा कर्करोग नव्हता, तर बेटांच्या पेशींपासून होणारी न्यूरोएंडोक्राइन गाठ होती. तिची चाल बरीच वेगळी असते.

मग कधी?

माझ्या मते सगळा विचार एका प्रश्नात मावतो: मागे ठेवलेला तुकडा रुग्णाला जेवढे देणार आहे, त्यापेक्षा जास्त हिरावून घेणार आहे का? उत्तर ‘हो’ असेल, तरच सगळे काढणे पटते.

याचे स्पष्ट उदाहरण म्हणजे आयपीएमएन. हे लांबलचक नावाचे लघुरूप आहे. अर्थ एवढाच, की स्वादुपिंडाच्या नलिकेच्या अस्तरातून चिकट श्लेष्म स्रवणाऱ्या, बोटांसारख्या वाढी होतात. १९८२ मध्ये जपानमधल्या डॉक्टरांनी त्यांचे वर्णन केले. आता सीटी आणि एमआरआय इतके होतात, की दुसऱ्याच कशासाठी केलेल्या स्कॅनमध्ये असे छोटे सिस्ट अनेकांना सापडतात. हे वाचून आपला जुना रिपोर्ट काढायला धावू नका. बाजूच्या फांद्यांमधले बहुतेक सिस्ट वर्षानुवर्षे तसेच राहतात आणि त्यांच्यावर फक्त लक्ष ठेवायचे असते. मुख्य नलिकेतला प्रकार मात्र वेगळा. नलिका १० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त फुगलेली असणे, आत ५ मिलिमीटरपेक्षा मोठी, रक्तपुरवठा असलेली गाठ दिसणे किंवा कावीळ होणे ही गंभीर चिन्हे मानतात. असा बदल एकाच भागात असेल तर तोच भाग काढतात. ऑपरेशन चालू असताना कापलेल्या कडेचा तुकडा गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कडेवर तीव्र बदल दिसले तर थोडे पुढे कापायचे, पुन्हा तपासायचे. कधी कधी डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळीच नलिका बिघडलेली निघते. तेव्हा मागे ठेवण्याजोगे काही नसते आणि पूर्ण काढणेच योग्य ठरते. म्हणून अशा ऑपरेशनआधी रुग्णाकडून दोन्ही शक्यतांसाठी संमती घेतात. ‘आत गेल्यावर ठरवू’ हे वाक्य ऐकून काहींना डॉक्टर गोंधळलेले वाटतात. इथे ते वाक्य प्रामाणिकपणाचे आहे.

असेच दुसरे, तुलनेने विरळ कारण म्हणजे मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे स्वादुपिंडात पसरणे. मूत्रपिंड काढून कित्येक वर्षे झाल्यावर स्वादुपिंडात एक किंवा अनेक गाठी दिसतात. इतर कर्करोग असे पसरले तर ऑपरेशनला सहसा अर्थ नसतो. हा संथ असतो, म्हणून गाठी सगळीकडे असतील आणि इतरत्र काही नसेल तर निवडक रुग्णांत पूर्ण पिंड काढण्याचा विचार होतो.

मग तातडीचे प्रसंग. व्हिपलनंतर जोड गळला, जंतुसंसर्ग झाला, रक्तस्राव सुरू झाला, तर उरलेले पिंड काढून टाकणे हा एकेकाळी नेहमीचा मार्ग होता. आधीच खचलेल्या शरीरावर हे दुसरे मोठे ऑपरेशन, त्यामुळे मृत्यूचे प्रमाण फार मोठे. आता गळती लवकर ओळखून त्वचेतून नळी घालून द्रव बाहेर काढण्यावर भर असतो. नेदरलँड्समधल्या शल्यचिकित्सकांनी यावर पद्धतशीर काम केले आणि गळतीची चिन्हे रोज ठरावीक पद्धतीने तपासली तर मृत्यू कमी होतात हे २०२२ मध्ये दाखवून दिले.

त्याच देशातला २०१० चा आणखी एक अभ्यास इथे सांगायला हवा. तीव्र स्वादुपिंडदाहात पिंडाचा काही भाग मरतो आणि त्यात पू होतो, तेव्हा पूर्वी पोट उघडून मेलेला भाग साफ करत. ८८ रुग्णांच्या या अभ्यासात एका गटावर तसेच ऑपरेशन केले, तर दुसऱ्या गटात आधी नळी आणि गरज पडली तरच छोट्या छेदातून सफाई, असे पायरीपायरीने उपचार केले. गंभीर गुंतागुंत किंवा मृत्यू पहिल्या गटात ६९ टक्के रुग्णांत, तर दुसऱ्या गटात ४० टक्क्यांत दिसले. आणि दुसऱ्या गटातल्या ३५ टक्के रुग्णांना नळीपुढे काहीच लागले नाही. थोडक्यात, अचानक आलेल्या तीव्र दाहात पूर्ण पिंड काढण्याला जवळपास जागा नाही.

घराण्यात कर्करोग आहे म्हणून निरोगी स्वादुपिंड काढून टाकावे का? स्तनांच्या बाबतीत असे करतात, म्हणून हा प्रश्न येतो. इथे सहसा उत्तर ‘नाही’ असते. धोका जास्त असणाऱ्यांना एमआरआय आणि एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडने देखरेखीखाली ठेवतात. निरोगी माणसाला खात्रीचा, अवघड मधुमेह द्यायचा, तोही कदाचित कधीच न होणाऱ्या आजाराच्या भीतीने, हा सौदा बहुतेकांना परवडत नाही.

दुखण्यासाठी

आता माझ्या कामाच्या सर्वांत जवळचा भाग. जुनाट स्वादुपिंडदाहात पिंड हळूहळू आक्रसते, कडक होते, नलिकेत खडे होतात. काही रुग्णांना पोटातून पाठीत जाणारी असह्य कळ रोज येते. शाळा सुटते, नोकरी सुटते, मॉर्फिनच्या जातीच्या गोळ्या सुरू होतात. या आजाराला लोक सरसकट दारूशी जोडतात. भारतात, विशेषतः केरळमध्ये, कधीही दारूला न शिवलेल्या तरुणांमध्येही तो दिसतो. त्यात मोठमोठे खडे होतात आणि पुढे मधुमेह येतो. स्पिंक-१ या जनुकातला एक बदल भारतीय रुग्णांमध्ये बऱ्याच प्रमाणात सापडतो. आजार जनुकांतून आलेला असताना घरातल्या मुलावर ‘हा चोरून पितो’ असा संशय घेतला गेल्याचे किस्से ऐकले की वाईट वाटते.

अशा दुखण्यासाठी पूर्ण पिंड काढणे ही पहिली पायरी नाही. एन्झाइमच्या गोळ्या, दारू-सिगारेट पूर्ण बंद, दुखण्याची औषधे, एंडोस्कोपीने खडे काढणे किंवा नळी बसवणे हे आधी येते. नलिका रुंद असेल तर ती लांबीला उघडून आतड्याला जोडणारी ऑपरेशने आहेत. त्यांत बहुतेक पिंड जागेवरच राहते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पुन्हा डच आणि योगायोगाने पुन्हा ८८ रुग्णांच्या, अभ्यासात एंडोस्कोपीपासून सुरुवात केलेल्यांपेक्षा लवकर असे ऑपरेशन झालेल्यांचे दुखणे कमी राहिले. भारतीय रुग्णांत नलिका बऱ्याचदा रुंद आणि खड्यांनी भरलेली असते, त्यामुळे त्यांच्यासाठी हा मार्ग आधी तपासला गेलाच पाहिजे. तुमच्या माणसाला थेट ‘पूर्ण काढू’ असे सांगितले असेल, तर ‘नलिकेची रुंदी किती आहे?’ हा प्रश्न जरूर विचारा.

पूर्ण काढण्याचा विचार येतो तो मुख्यतः नलिका बारीक असताना, सगळेच पिंड रोगी असताना, बाकीचे उपाय थकल्यावर, किंवा आजार आनुवंशिक असताना. पीआरएसएस-१ या जनुकातल्या बदलामुळे होणारा दाह लहानपणीच सुरू होतो, पिंडाच्या प्रत्येक पेशीत तोच दोष असतो आणि पुढे कर्करोगाचा धोकाही वाढलेला असतो. तिथे तुकडा मागे ठेवणे म्हणजे आजारच मागे ठेवणे.

पण दुखणे घालवून मधुमेह द्यायचा का? या पेचावर १९७७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात डेव्हिड सदरलँड आणि जॉन नजारियन यांनी उत्तर काढले. पिंड काढायचे, त्यातली बेटे वेगळी करायची आणि त्याच रुग्णाला परत द्यायची. काढलेले पिंड थंड ठेवून प्रयोगशाळेत नेतात. कोलॅजनेज नावाचे एन्झाइम नलिकेतून आत सोडून, कमिलो रिकॉर्डी यांनी १९८० च्या दशकात तयार केलेल्या हलत्या कुपीत उतींची बांधणी सैल करतात. काही तासांनी हाती आलेली बेटे यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेत सोडतात. ती यकृतातल्या बारीक वाहिन्यांत अडकतात, तिथेच त्यांना रक्तपुरवठा मिळतो आणि ती इन्शुलिन करू लागतात. पेशी स्वतःच्याच असल्यामुळे शरीर त्या नाकारत नाही आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे लागत नाहीत.

मिनेसोटातल्या ४०९ रुग्णांच्या अनुभवात तीन वर्षांनी साधारण ३० टक्के लोक इन्शुलिनशिवाय राहत होते, आणि आणखी तितक्याच लोकांची बेटे अंशतः काम करत होती. अंशतः म्हणजे कमी असे समजू नका. थोडे जरी स्वतःचे इन्शुलिन असेल तर साखरेचे चढउतार बरेच सौम्य होतात. ज्यांना वजनाच्या मानाने भरपूर बेटे मिळाली, त्यांच्यात इन्शुलिनमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ७० टक्क्यांच्या पुढे होते. सगळे गणित मिळालेल्या बेटांवर आहे.

इथे वेळेचा पेच येतो. आजार जितका जुना, तितके पिंड कडक आणि बेटे कमी. नलिका उघडण्याचे ऑपरेशन आधी झालेल्या रुग्णांतही नंतर बेटे कमी मिळतात. शिवाय वर्षानुवर्षे कळा सोसल्यावर मज्जारज्जू आणि मेंदूच दुखण्याला सरावतात. मग पिंड बाहेर गेले तरी दुखणे राहते. म्हणजे घाई केली तर सुधारता येण्याजोगा अवयव जातो, आणि फार थांबले तर अवयव जाऊनही फायदा कमी मिळतो. या दोन टोकांमधली जागा शोधायला पोटविकारतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, मधुमेहतज्ज्ञ, वेदनातज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ असे सगळे एका टेबलाशी बसावे लागतात. ज्या केंद्रात असे बसत नाहीत, तिथे हा निर्णय घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. कर्करोगात मात्र बेटे परत देणे सहसा टाळतात, कारण त्यांच्याबरोबर कर्करोगाच्या पेशीही यकृतात जाण्याची भीती असते.

केंद्राचा विषय निघालाच आहे तर एक आकडा सांगते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या मेडिकेअरच्या रुग्णांवरच्या मोठ्या अभ्यासात, स्वादुपिंडाची ऑपरेशने क्वचितच करणाऱ्या रुग्णालयांत १६ टक्क्यांहून अधिक रुग्ण दगावले होते, तर सर्वाधिक करणाऱ्या रुग्णालयांत ४ टक्क्यांहून कमी. त्यानंतर सगळीकडे सुधारणा झाली आहे, पण फरकाचे कारण बदललेले नाही. गळती, रक्तस्राव आणि साखर रात्री दोन वाजता ओळखणारी माणसे अनुभवातूनच तयार होतात. मुंबईत टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी स्वादुपिंडाच्या कर्करोगाची ऑपरेशने मोठ्या संख्येने होतात. घराजवळचे, ओळखीचे, फाइव्ह-स्टार लॉबीचे इस्पितळ हे निकष इथे उपयोगाचे नाहीत. ‘वर्षाला अशी किती करता?’ हे विचारायला लाजू नका.

नंतरचे दिवस

या मधुमेहाला टाइप ३सी म्हणतात. कागदपत्रांवर तो कित्येकदा टाइप २ म्हणून नोंदला जातो, ते दुरुस्त करून घ्या. बीटा पेशीच नाहीत, त्यामुळे त्यांना चेतवणाऱ्या गोळ्यांचा उपयोग शून्य, आणि गावाकडून सुचवलेल्या कारल्याच्या रसाचाही. इन्शुलिन हाच उपाय. मात्र त्याची मात्रा अनेकदा वाटते त्यापेक्षा कमी लागते, आणि धोका असतो तो साखर खाली जाण्याचा. वर लक्षात ठेवायला सांगितलेले ग्लुकागॉन ते हेच. साखर पडू लागल्यावर ती सावरणारा शरीराचा हात आता नसतो. यकृतात सोडलेल्या बेटांकडूनही हे काम नीट होत नाही. या ऑपरेशनची बदनामी झाली ती मुख्यतः यामुळे, आणि ते पुन्हा स्वीकारले जात आहे त्याचे एक मोठे कारण म्हणजे दंडावर चिकटवायचा, सतत साखर मोजणारा सेन्सर आणि त्याच्याशी बोलणारा इन्शुलिन पंप. घरात ग्लुकागॉन असावे. नाकात मारायची पावडरही आता मिळते. ते कसे द्यायचे हे रुग्णाला नव्हे, घरातल्या इतरांना शिकवा. गरज पडेल तेव्हा रुग्ण शुद्धीत असेलच असे नाही.

पचनाचे काय? क्रिऑनसारख्या कॅप्सूल प्रत्येक खाण्याबरोबर घ्याव्या लागतात. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना जेवणाबरोबर किमान ५०,००० आणि मधल्या खाण्याबरोबर २५,००० युनिट लायपेजपासून सुरुवात करायला सांगतात. पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या आणि जेवण लांबले तर मध्येही. पंगतीत दीड तास बसणाऱ्या आपल्या लोकांना हे मुद्दाम सांगायला हवे. गार पाण्याबरोबर गिळायच्या, चहाबरोबर नाही, कारण उष्णतेने एन्झाइम बिघडते. पण दुधाचा चहा हे स्वतः एक ‘खाणे’ आहे, त्यालाही मात्रा लागते. शौच तेलकट, तरंगणारे, दुर्गंधीचे असेल तर तूप बंद करण्याआधी मात्रा पुरेशी आहे का ते बघा. पोट भरून खाऊन वजन टिकवणे हे उद्दिष्ट आहे. एन्झाइम कमी-जास्त झाले की अन्नातली साखर रक्तात येण्याचे गणित बदलते आणि इन्शुलिनचा अंदाज चुकतो, त्यामुळे या दोन औषधांचा विचार एकत्रच करायचा. ‘अ’, ‘ड’, ‘ई’ आणि ‘के’ ही जीवनसत्त्वे आणि हाडांची घनता अधूनमधून तपासून घ्यावी लागते.

या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात. जैन, मुस्लिम आणि शाकाहारी घरांत हे आधीच, शांतपणे बोललेले बरे. ऑपरेशननंतर कळल्यावर एखाद्या आजी गुपचूप गोळ्या टाळतात आणि त्यांचे वजन का उतरतेय हे कुणालाच कळत नाही. पपईतले एन्झाइम प्रथिने पचवते, स्निग्ध पदार्थ नाही. वनस्पतिजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर इथे विसंबता येत नाही.

प्लीहा गेलेली असेल तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लसी घ्याव्या लागतात; ऑपरेशन ठरवून असेल तर शक्यतो दोन आठवडे आधी. ताप आला तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे आणि ‘प्लीहा नाही’ हे पहिल्या वाक्यात सांगायचे. परदेशातून भारतात जाताना हे विशेष लागू होते, कारण प्लीहा नसलेल्या माणसाला मलेरिया फार गंभीर होऊ शकतो. लहानपणी डास चावलेच होते की, असे म्हणून चालत नाही. जिथे जाणार त्या भागासाठी प्रतिबंधक गोळ्या लागतील का हे निघण्याआधी विचारा, सोबत ठेवायचे अँटिबायोटिक लिहून घ्या, आणि इन्शुलिन, सेन्सर व कॅप्सूल हातातल्या बॅगेत ठेवा. विमानाच्या पोटातल्या सामानात इन्शुलिन गोठू शकते, आणि गोठून वितळलेल्या इन्शुलिनवर भरवसा ठेवता येत नाही, ते दिसायला नेहमीसारखे असले तरी.